भागूबाईची पट्टी

(इंग्लंडमधलं ग्लॉसप गाव. शनिवारची सकाळ. गाड्यांची वार्षिक तपासणी करणाऱ्या हेझलचं गॅरेज. मधोमध स्टँडवर नेव्हिलची लाल स्पोर्ट्स बाइक.)

हेझल : पास.

नेव्हिल : अगं, परत एकदा बघ की.

हेझल : बघितलं. पास.

नेव्हिल : ब्रेक नीट बघितलेस?

हेझल : पुढचा बघितला, मागचा बघितला. बोट टेकवलं की जागेवर उभी राहते.

नेव्हिल : हॉर्न जरा घोगरा नाही वाटला तुला?

हेझल : घोगरा? पलीकडच्या चर्चमधले पाद्री दचकून बाहेर आले. पास.

नेव्हिल : हँडल वळवताना कुठेतरी कटकट वाजतं.

हेझल : ते तुझं मनगट. हँडल लोण्यासारखं फिरतंय.

नेव्हिल : बरं, चेन?

हेझल : ती चेन इतकी स्वच्छ आहे की गळ्यात घालून लग्नाला जावं. नेव्हिल, काय चाललंय तुझं? शाळेपासून ओळखते तुला. ही गाडी घेतलीस तेव्हापासून दर वर्षी माझ्याकडे तपासणीला येते आणि पहिल्या फटक्यात पास होते. पास झाली की तू मिशीतल्या मिशीत हसतोस आणि घरी जाईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगतोस. आज कोणाच्या तरी मयताला आल्यासारखा उभा आहेस.

नेव्हिल : हे बघ, सरकारने तुला परवाना दिलाय तो लोकांच्या जिवासाठी. ओळखीच्या माणसाची गाडी आली म्हणून डोळेझाक करायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

हेझल : डोळेझाक? मी? बरं. दोन गोष्टी सापडल्या होत्या, सांगणार नव्हते. मागचा लाल रिफ्लेक्टर जागेवर नव्हता.

नेव्हिल : नव्हता ना! बघ! म्हणजे नापास!

हेझल : माझ्या डब्यातला एक लावला. पैसे नकोत.

नेव्हिल : कोणी सांगितलं होतं तुला लावायला?

हेझल : आणि ब्रेकच्या दिव्याची पिन सुटली होती, सीटखाली. तीही बसवली.

नेव्हिल : तुला दुसऱ्याच्या वायरींमध्ये हात घालायची काय एवढी हौस गं!

हेझल : ती पिन आपोआप सुटत नाही, नेव्हिल. खटका दाबून ओढावी लागते. आणि तुझ्या वरच्या खिशात काय फुगलंय?

नेव्हिल : चष्म्याची डबी.

हेझल : लाल रंगाची? उजेडात चमकणारी?

नेव्हिल : डबीच आहे. नवीन घेतली.

हेझल : ठेव इथे टेबलावर. हां. आता ऐक. डिलिव्हरीवाली पोरं टक्कल पडलेले टायर घेऊन येतात आणि 'ताई, या वेळी जाऊ दे' म्हणून गयावया करतात. गेल्या आठवड्यात एका बाईने तिच्या स्कूटरचा आरसा च्युइंग गमने चिकटवून आणला होता. सगळे पास कर म्हणून पाठीस लागतात. नापास कर म्हणून हट्ट धरणारा तू पहिलाच.

नेव्हिल : उद्या रविवार आहे.

हेझल : शनिवारच्या नंतर येतोच तो.

नेव्हिल : आमच्या टोळीची हंगामातली पहिली फेरी आहे. स्नेक पासच्या वळणावळणाच्या घाटातून पलीकडे, वरच्या कॅफेपर्यंत. क्लिफर्डला मी फोनवर सांगून ठेवलंय की गाडी पास झाली तरच येईन, यंदा तिचं काही खरं दिसत नाही. तपासणीत नापास झाली की ती रस्त्यावर आणता येत नाही. आणि मी पडलो कायदा पाळणारा माणूस.

हेझल : असं आहे तर. मागच्या वर्षी तुझा गुडघा दुखत होता ना, याच फेरीच्या दिवशी?

नेव्हिल : फार दुखत होता.

हेझल : कुठला?

नेव्हिल : डावा.

हेझल : तेव्हा उजवा होता.

नेव्हिल : तू तपासणी गाडीची करतेस की माझी?

हेझल : गाडीचीच. आणि खरं सांगू, पिन आणि रिफ्लेक्टरचा मला राग नाही आला. त्यात गंमत तरी होती. पण टायर घासून आणलेस ना, ते पाहून वाईट वाटलं.

नेव्हिल : टायर काय करून आणले?

हेझल : घासून! माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोस, तीही रबराची! टायरच्या कडेची भागूबाईची पट्टी गायब केलीस. मला माहीत नाही का तुमचे धंदे? जो वळणावर गाडी झुकवायला घाबरतो, त्याचा टायर मध्ये झिजतो आणि कडेला कोरी पट्टी राहते. कॅफेबाहेर तुम्ही साठी ओलांडलेली पोरं हेल्मेट काढायच्या आधी वाकून एकमेकांची पट्टी बघता. ज्याची रुंद, त्याला दिवसभर 'भागूबाई, चहात साखर किती?'

नेव्हिल : हेझल, मी टायर घासलेले नाहीत.

हेझल : अरे, पॉलिश पेपरचे ओरखडे दिसतायत! खरी झीज अशी असते का? खऱ्या झिजेत कडेला रबराच्या बारीक बारीक वळ्या येतात. आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या! आपल्याकडे चौकाचौकात गोल सर्कल. सर्कलला वळसा घालताना गाडी झुकते उजवीकडे. या देशात खरोखर गाडी चालवणाऱ्याची उजवी बाजू जास्त झिजते. दोन्ही बाजू सारख्या झिजवायच्या तर अर्धं वर्ष फ्रान्समध्ये राहावं लागेल.

नेव्हिल : आईची शपथ, मी हात लावलेला नाही. सरक, बघू दे… अगं बाई! हे कधी झालं? परवापर्यंत इथे चांगली बोटभर पट्टी होती!

हेझल : म्हणजे कबूल.

नेव्हिल : काय कबूल?

हेझल : की बोटभर होती.

नेव्हिल : …हे बघ, पट्टी किती होती हा मुद्दा नाही. माझ्या बंद गॅरेजात शिरून कोणीतरी माझ्या टायरला हात लावलाय, हा मुद्दा आहे. पोलिसांत जायला पाहिजे.

हेझल : जा. 'साहेब, चोराने आमच्या टायरवरची भीती चोरून नेली' म्हणून लिहून दे. किल्ली कोणाकडे असते गॅरेजची?

नेव्हिल : माझ्याकडे. आणि एक बायकोकडे.

हेझल : मेव्हिस कुठे आहे?

नेव्हिल : तुझ्या ऑफिसात. चहा करतेय.

हेझल : मेव्हिस! ए मेव्हिस!

मेव्हिस : आले, आले! हात भरलेत माझे. हेझल, तुझे कप आतून घासलेस कधी गं शेवटचे? मी सोडा लावून घासले तेव्हा कुठे त्यांवर फुलं आहेत हे कळलं. हा घे तुझा. नेव्हिल, हा तुझा, साखर घातलीय, तुझा चेहरा बघून जास्तच घातलीय. बिस्किटं मी आणलीत घरची. झाली का पास?

हेझल : झाली.

मेव्हिस : बघ! मी म्हटलं नव्हतं? ही गाडी शाळेतल्या त्या पुढच्या बाकावरच्या मुलीसारखी आहे. आणि टायर? टायरचं काय म्हणालीस? दोन्ही बाजू सारख्या आल्यात ना? मी फूटपट्टी लावून लावून बघत होते.

नेव्हिल : मेव्हिस!

मेव्हिस : काय झालं?

हेझल : काही नाही. चोर चहा घेऊन आला.

नेव्हिल : तू? तू घासलेस माझे टायर?

मेव्हिस : हो. परवा तू दाताच्या डॉक्टरकडे गेलास ना, तेव्हा. पॉलिश पेपर तुझाच, खालच्या खणातला. कंबर मोडली माझी. ही नखं बघ, अजून काळी आहेत. मला वाटलं होतं खोडरबरासारखं पटकन जाईल. कसलं चिवट असतं!

नेव्हिल : अगं, पण का?

मेव्हिस : त्याच्या आदल्या दिवशी क्लिफर्डचा फोन आला होता. तू हसून हसून बोलत होतास, 'येणार तर, का नाही येणार, गाडी पास झाली की येणार.' आणि फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसून राहिलास. कोटसुद्धा काढला नाहीस. मी दोनदा जेवायला हाक मारली. तेव्हा म्हटलं, याला पट्टीची धास्ती आहे. तर पट्टीच काढून टाकू.

नेव्हिल : तुला काय माहीत पट्टीबद्दल?

मेव्हिस : इतकी वर्षं तुमच्या कॅफेच्या गप्पा ऐकतेय, भिंतीलाही पाठ झाल्या असत्या.

नेव्हिल : पण पट्टी रुंद आहे, म्हणजे मी… म्हणजे तुला…

मेव्हिस : तू स्नेक पासवर जात नाहीस हे ना? ते माहीत आहे मला. केव्हाचं.

नेव्हिल : कोणी सांगितलं? टोळीतल्या त्या डेरिकने सांगितलं?

मेव्हिस : तुझ्या हेल्मेटने सांगितलं. पूर्वी उन्हाळ्यात तू घरी यायचास तेव्हा हेल्मेटच्या काचेवर माश्यांचा नुसता चिखल असायचा. मी गरम फडकं ठेवून भिजवायची ती काच. आता दर रविवारी काच लख्ख. मी म्हटलं, डोंगरावरच्या सगळ्या माश्या संपावर गेल्या की काय?

हेझल : मी चहा बाहेर जाऊन पिऊ का?

मेव्हिस : बस गं. गॅरेज तुझंच आहे. आणि दुसरं म्हणजे कुंड्या.

नेव्हिल : कुंड्यांचं काय?

मेव्हिस : दर रविवारी जॅकेटमध्ये एक कुंडी घालून येतोस. 'वाटेत दिसली, तुझ्यासाठी आणली.' राजा, स्नेक पासवर दगड आहेत, मेंढ्या आहेत, वारा आहे. बेगोनिया कोण विकतं तिथे? आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आता समोरचं घर दिसत नाही.

हेझल : नर्सरीत जात होतास तू? त्या खालच्या सरळ रस्त्यावरच्या? या गाडीवरून?

नेव्हिल : तिथे चहा चांगला मिळतो.

हेझल : अरे, ताशी दीडशे मैलांची गाडी ही! आणि तू तिच्यावरून बेगोनिया आणतोस!

नेव्हिल : तिथे गाडी लावायला सावली आहे. आणि ओळखीचं कोणी येत नाही. म्हणजे, यायचं नाही असं मला वाटत होतं. मेव्हिस, तुला सगळं माहीत होतं आणि तरी दर रविवारी तू मला चीज-लोणच्याचं सँडविच बांधून देत होतीस? 'वळणांवर जपून' म्हणत होतीस?

मेव्हिस : हो.

नेव्हिल : बोलली का नाहीस?

मेव्हिस : तू बोलशील म्हणून थांबले. तू बोलला नाहीस. तुला लपवायचं होतं, तर म्हटलं लपवायला मदत करू. मला दुसरं काय येतं? गाडीतलं मला काही कळत नाही. घासायचं तेवढं कळतं.

हेझल : बिस्किट घे, नेव्हिल.

नेव्हिल : नको.

मेव्हिस : घे. आल्याचं आहे.

नेव्हिल : मेंढी होती.

मेव्हिस : कुठे?

नेव्हिल : तिथे, वर. गेल्याच्या गेल्या वसंतात. पलीकडच्या उतारावर ते डावं वळण आहे ना, दगडी कुंपणाजवळचं. रस्ता कोरडा, गाडी झकास झुकलेली, मी गुणगुणतसुद्धा होतो. आणि समोर मेंढी. रस्त्याच्या बरोब्बर मध्ये, रवंथ करत उभी. मी ब्रेक दाबला, गाडी सरळ झाली, आणि तशीच रस्ता ओलांडून पलीकडच्या गवतात जाऊन थांबली.

हेझल : पडलास?

नेव्हिल : नाही.

हेझल : समोरून कोणी येत होतं?

नेव्हिल : कोणीच नाही. ट्रक येत असता तर… नव्हता. खरचटलंसुद्धा नाही. गाडीवर रेघ नाही.

मेव्हिस : आणि मेंढी?

नेव्हिल : तिने माझ्याकडे बघितलं. मग दुसरीकडे बघितलं. मी गवतात उभा राहिलो, आणि माझ्या डोक्यात एकच. तू चहाचं पाणी ठेवलं असशील. मी यायच्या वेळेला ठेवतेस ना, तसं. आणि ते उकळून उकळून आटून जाईल. तेव्हापासून वळण आलं की माझं अंग लाकूड होतं. जन्मभर बस चालवली मी, भरलेली बस, बर्फातून नेली आहे. आणि आता साध्या वळणावर गाडी झुकवता येत नाही मला. मला भीती वाटते, मेव्हिस. झालं. सांगितलं.

मेव्हिस : चहा पी. थंड होतोय.

नेव्हिल : एवढंच?

मेव्हिस : अजून काय? मी तर समजत होते की तुला हृदयाचं काहीतरी आहे आणि तू ते लपवतोयस. किती रविवार मी त्या बेगोनियांना पाणी घालताना रडले असेन. मेंढी होय! देवाचे उपकार.

हेझल : मी एक सांगू? नाव कोणाचं घेणार नाही.

नेव्हिल : सांग.

हेझल : तुला काय वाटतं, या स्पोर्ट्स बाइका माझ्याकडे दर वर्षी अशा धडाधड पास का होतात? पोस्टमनची गाडी नापास होते, नर्सबाईची स्कूटर नापास होते, कारण त्या बिचाऱ्या रोज पावसातून धावतात. तुमच्या गाड्या वर्षभर पांघरूण घेऊन झोपतात. आठवड्याला अंघोळ, महिन्याला तेल. नर्सरीपर्यंत जायचं आणि यायचं. यात झिजायचं काय? ग्लॉसपमधल्या निम्म्या स्पोर्ट्स बाइका अभ्यास न करता पास होतात, नुसत्या इस्त्रीच्या गणवेशावर.

नेव्हिल : निम्म्या?

हेझल : निम्म्या मी तुझं मन राखायला म्हणाले. आणि पॉलिश पेपरही मी आज पहिल्यांदा पाहिलेला नाही. तुमच्याच टोळीतली एक गाडी येते. तिचे टायर दर वर्षी दोन्ही बाजूंना अगदी सारखे. आरशासारखे. आणि तिचा मालकच कॅफेबाहेर सगळ्यांत मोठ्याने विचारतो, 'भागूबाई, साखर किती?'

नेव्हिल : क्लिफर्ड!

हेझल : मी नाव घेतलं का?

नेव्हिल : क्लिफर्ड! त्याने मला एकदा सबंध जेवणभर पिडलं होतं! माझ्या वाढदिवसाला कोंबडीचं पिवळं पिल्लू दिलं होतं, लोकरीचं, भित्र्याला भित्रं म्हणून!

हेझल : हॉर्न परत वाजवून दाखवू का? ओरडतोस किती. आणि हे तू कोणाला सांगायचं नाहीस. लोक मला टायर दाखवतात ते विश्वासाने.

मेव्हिस : क्लिफर्डची बायकोच घासत असेल.

हेझल : असेलही.

मेव्हिस : तिची नखं बघायला पाहिजेत एकदा.

नेव्हिल : हेझल, सगळं ऐकलंस ना आता? मग कर ना नापास. एकदाच. तुला काय जातं?

हेझल : माझा परवाना जातो. आणि दुसरं सांगते, मी इथे यंत्र तपासते. ब्रेक लागतो का, दिवा लागतो का, टायरवर रबर शिल्लक आहे का. मेव्हिसने घासूनही भरपूर शिल्लक आहे. माणसाला नापास करायची सोयच नाही माझ्याकडे. हा घे कागद. पास.

मेव्हिस : दे इकडे, मी पर्समध्ये ठेवते. हा कुठेतरी मुद्दाम हरवेल.

नेव्हिल : मग उद्या मी काय करू? त्या सगळ्यांसमोर उभा राहून सांगू की मला वळणाची भीती वाटते?

मेव्हिस : सांग नाहीतर नको सांगूस. पण जा. तुझे मित्र आहेत ते. तू घरी बसलास की माझ्या कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावतोस. मीठ शोधायला मला अर्धी सकाळ लागते. मला तू त्या कॅफेबाहेर हवा आहेस, मोठमोठ्याने हसणारा. ते हसणं घरात ऐकू येत नाही हल्ली.

नेव्हिल : सगळे सुसाट पुढे जातील.

मेव्हिस : जाऊ देत. तू शेवटी राहा. मी आपली छोटी गाडी घेऊन तुझ्या मागे राहते. तुझ्यामागे मी असले की कोणालाही वाटेल माझ्यामुळेच तू हळू चालवतोस.

हेझल : हे चांगलं आहे. बायकोवर ढकल. पुरुषांना जमतं ते.

नेव्हिल : आणि मेंढीच्या वळणाला जमलं नाही तर? उतरून गाडी ढकलत नेऊ?

मेव्हिस : मग मी मागून ढकलीन. टायर घासून हात तयार झालेत माझे. हेझल, उजवीकडे जास्त म्हणालीस ना? किती जास्त? म्हणजे पुढच्या वर्षी लक्षात ठेवते.

नेव्हिल : मेव्हिस, पुढच्या वर्षी माझ्या टायरला हात लावायचा नाही.

मेव्हिस : बरं बाबा.

नेव्हिल : झिजतील तेवढे झिजतील. कोणाला वाकून बघायचं तर बघू दे, चहात साखर दोन चमचे म्हणून सांगेन. उद्या त्या वळणापर्यंत जातो. तिथून पुढचं तिथे गेल्यावर बघू.

हेझल : रिफ्लेक्टर घेऊन जा तुझा. डब्यातला मला परत आणून दे, कधीही.

नेव्हिल : आणतो. चल मेव्हिस, तू गाडीत बस, मी ही काढतो.

मेव्हिस : चल. आणि हे बघ, नाहीच जमलं उद्या, तर सरळ नर्सरीत वळ. मी येतेच मागून, तिथे चहा घेऊ. बाथरूमच्या खिडकीत अजून एका कुंडीची जागा ठेवली आहे मी.